ज्याच्या हाती वस्तू राहणार, त्याला दुकानात न्या

दसऱ्याच्या आगेमागे आपल्याकडे सोयाबीनची मळणी उरकते, कट्टे बाजार समितीत जातात आणि वर्षातला पहिला मोठा पैसा घरात येतो. मग खरेदीच्या गप्पा सुरू होतात. कोणाला फ्रीज हवा असतो, कोणाला भिंतभर टीव्ही, कॉलेजात जाणाऱ्या पोराला मोबाइल, आणि घरधन्याच्या मनात फवारणीच्या पंपाचा विचार चाललेला असतो. मला हे दिवस फार आवडतात. वस्तू टेम्पोतून उतरताना गल्लीतली लेकरं धावत येतात, घरची बाई तिला हळदकुंकू लावते, नारळ फुटतो, शेजारी पेढा जातो. वर्षभर उन्हापावसात राबलेल्या घराला एवढा आनंद मिळायलाच हवा. त्यामुळे काही घेऊच नका, असं सांगायला मी बसलेलो नाही. माझी विनंती एवढीच, की जी वस्तू घ्याल ती ज्याच्या हाती राहणार आहे त्याला दुकानात सोबत न्या, आणि तिथं त्यालाच बोलू द्या.

आपल्या घरांत बहुतेक वेळा उलट चालतं. मिक्सर पुरुष पसंत करतात. आजोबांचा मोबाइल नातू निवडतो. कपडे धुण्याचं मशीन मुलगा पुण्याहून ऑनलाइन पाठवून देतो. पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा, आणि खोकं उघडेपर्यंत दोघांचं त्या वस्तूवर एक वाक्यही बोलणं झालेलं नसतं.

धुण्याच्या मशीनचंच घ्या. वाशीम जिल्ह्यात मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातल्या गावात राहणाऱ्या आईला मुलगा मोठ्या मायेनं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन पाठवतो. बटण दाबलं की झालं, असं त्याला वाटतं. त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते खरंही असतं, कारण तिथं नळाला चोवीस तास दाबानं पाणी असतं. हे मशीन स्वतः नळातून पाणी ओढतं. त्याला किती दाब लागतो याचा आकडा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि तेवढा दाब मिळवायचा तर टाकी मशीनच्या बरीच वर असावी लागते. आपल्या कितीतरी गावांत नळ रोज येत नाही. पाणी ड्रममध्ये, टाक्यात साठवलेलं असतं. मग ते पंचवीस हजारांचं मशीन कोपऱ्यात उभं राहतं, त्यावर गोधड्यांची चळत चढते, आणि माय पहिल्यासारखीच मोरीत बसून कपडे धुते. मुलाला वाईट वाटू नये म्हणून ती फोनवर ‘चांगलं चालते बाबू’ म्हणते.

हीच माय दुकानात असती तर तिनं पहिलाच प्रश्न पाण्याचा विचारला असता. बादलीनं पाणी भरता येतं का? धुतलेलं पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येतं का? निचऱ्याची नळी अंगणातल्या झाडांपर्यंत पोचेल का? दोन टाक्यांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन हे सगळं करतं आणि पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळतं. उन्हाळ्यात हंड्यानं पाणी वाहिलेल्या बाईला पाण्याचा हिशोब कोणी शिकवावा लागत नाही. तिला विचारायचं तेवढं आपल्याकडून राहून जातं.

कूलरच्या बाबतीत आपण वऱ्हाडी माणसं पुष्कळ शहाणी आहोत. आपला उन्हाळा कडक आणि कोरडा. पारा चाळिशीच्या वर गेला की लोखंडी डब्याचा, गवताच्या ताट्यांचा कूलर खिडकीला लागतो आणि घर निवतं. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, हे त्यामागचं साधं शास्त्र. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता चिकचिकाट करतो. घरगुती कूलरला बहुधा दीड-दोनशे वॅट वीज लागते. दीड टनाचा एसी चालू असला की याच्या कित्येक पट वीज खातो, आणि आपल्याकडच्या कमीजास्त व्होल्टेजमध्ये त्याचा जीव सांभाळावा लागतो तो वेगळाच. तेव्हा शेजाऱ्यानं एसी लावला म्हणून कूलर लाजून अडगळीत टाकू नका. खिडकी-दार थोडं उघडं ठेवून चालवला, तर आपल्या हवेला कूलरच शोभतो.

मात्र कूलरमध्ये पाणी कोण भरतं ते बघा. भर दुपारी बादली घेऊन बाई किंवा पोरगं ओल्या पायांनी त्या लोखंडी डब्याजवळ जातं. अर्थिंग नसेल आणि वायर आतून सोललेली असेल, तर तो डबा जीव घेतो. दरवर्षी उन्हाळ्यात विदर्भात अशा मृत्यूच्या बातम्या येतात. नवा कूलर घ्याल तेव्हा त्याच दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि मीटरजवळ आरसीसीबी बसवून घ्या. 30 मिलिअँपिअरचं हे यंत्र वीज गळायला लागली की क्षणात पुरवठा तोडतं. कूलरच्या रंगावर आणि चाकांवर जेवढा वेळ घालवतो तेवढा यावर घालवला तर घर निर्धास्त झोपेल. पाणी भरताना पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही पाठ असू द्या. आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, म्हणजे डेंग्यूच्या डासाला तिथं घर मिळणार नाही.

पंख्यातही नवं आलं आहे. बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये चालतो, जुना पंचाहत्तरच्या आसपास घेतो. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळाएक युनिट वाचतात. वस्तू चांगली आहे, घ्यावी. पण यातले पुष्कळ पंखे रिमोटवर चालतात आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर त्यांना चालत नाही. मध्यरात्री थंडी वाजून उठलेल्या आजोबांना अंधारात चष्मा सापडेना, रिमोट सापडेना, आणि पंखा तर पूर्ण जोरात. भिंतीवरच्या बटणानं वेग कमीजास्त होणारे बीएलडीसी पंखेही बाजारात आहेत. आजोबा सोबत असते तर त्यांनी तोच मागितला असता. रिमोटवालाच आला असेल, तर रिमोटला दोरी बांधून तो पलंगाला अडकवा. यात कमीपणा काही नाही.

आता मोबाइलकडे येतो, कारण सगळ्यात जास्त आनंद आणि सगळ्यात जास्त घोळ तिथं आहे.

आनंद आधी. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरची एखादी याडी, म्हणजे आई, जिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही, ती फोनमधल्या माइकच्या खुणेवर बोट ठेवते, तोंडानं बोलते आणि होळीची लेंगी गीतं ऐकते, सेवालाल महाराजांची भजनं ऐकते. टाइप करता न येणाऱ्या माणसाला या एका सोयीनं किती मोठं केलं आहे! घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन घेतलात तर पहिल्या संध्याकाळी शेजारी बसून चार गोष्टी करून द्या. भाषा मराठी लावा, अक्षर मोठं करा, माइक कसा वापरायचा ते दाखवा, आणि जवळच्या माणसांचे फोटो नंबरांना जोडा, म्हणजे नाव वाचता आलं नाही तरी चेहरा ओळखून फोन लावता येईल. त्यांनी तोच प्रश्न चार वेळा विचारला तर चार वेळा सांगा. आपल्याला सायकल शिकवताना त्यांनी मागून किती वेळा धावपळ केली होती, हे नातवाला सांगणं बापाचं काम आहे.

जुना फोन घेणार असाल तर आणखी एक काम करा. त्यावर *#06# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो टाकून फोन चोरीचा किंवा ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. आपला फोन हरवला तर ब्लॉक करायची सोयही तिथंच आहे. नव्या फोनचाही हा नंबर कुठंतरी लिहून ठेवा, कारण फोन गेल्यावर तो फोनमधून वाचता येत नाही.

आणि आता घोळ. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पीएम किसान योजनेचा अठरावा हप्ता पंतप्रधानांनी आपल्या वाशीमच्या कार्यक्रमातून सोडला. देशभरातल्या नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यात रक्कम थेट जमा झाली. तलाठ्याकडे खेटा नाही, मधला दलाल नाही. तंत्रज्ञानाचा याहून चांगला उपयोग दाखवता येणार नाही. पण याच योजनेचं नाव लावलेल्या खोट्या फाइली व्हॉट्सअॅपवर फिरतात. नावापुढं एपीके असं असतं. उघडली की ती फाइल फोनमध्ये बसते आणि बँकेचे संदेश चोरून वाचते. लग्नपत्रिका म्हणून, गाडीचं चलान म्हणून अशाच फाइली येतात. लग्नसराईत पत्रिका उघडून बघण्याची आपल्याला भारी उत्सुकता, आणि चोरांना ती माहीत असते. पत्रिका असेल तर ती चित्र किंवा पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणजे ॲप. सख्ख्या मामाच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका, आधी मामाला फोन लावून विचारा. मामालाही बरं वाटेल.

यूपीआयचं एवढंच लक्षात ठेवा की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाकायला कोणी सांगितलं की तो चोर. आईच्या नावानं खातं असेल तर पिन आईलाच ठेवू द्या, तिला नीट शिकवा. ‘तिला काय कळते’ म्हणून फोन आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या घरांत ती माउली स्वतःच्याच पैशाला परकी होते. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लाजू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा. जेवढा लवकर कराल तेवढी रक्कम बँकेत अडवली जाण्याची आशा जास्त.

शेतीच्या अवजारांत माझं म्हणणं आणखी कळकळीचं आहे. बॅटरीवरचा फवारणी पंप विकत घेतो मालक, पाठीवर घेतो मजूर. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसं आपल्यासारखीच होती, पिकंही आपलीच. तेव्हा पंप घ्यायला जाताना फवारणी करणाऱ्या गड्याला बरोबर न्या. पट्टा त्याच्या खांद्याला बसतो का, झाकणातून गळतं का, भरलेला पंप त्याला उचलवतो का, हे त्यानं बघावं. पंपाच्याच बिलात मास्क, हातमोजे आणि चष्मा घ्या. पंपाच्या किमतीपुढं ही रक्कम किरकोळ असते आणि ती वाचवणं मला तरी माणुसकीला धरून वाटत नाही.

सौर पंपाचंही तसंच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा त्यात येतो. रात्रीच्या विजेच्या पाळीला, साप-विंचवाच्या वाटेनं, ओलीत करायला जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी देता येणं ही केवढी सुटका आहे, हे त्याच्या बायकोला विचारा. पण पुरवठादार कंपनी निवडायचा अधिकार तुमचा आहे, तो जाहिरात पाहून वापरू नका. पंचक्रोशीत ज्याच्या शेतात पंप बसून दोन पावसाळे झालेत त्याच्या बांधावर जा. बंद पडला होता का, तक्रार केल्यावर माणूस आला का, किती दिवसांनी आला, एवढं विचारा. सोयाबीनच्या नव्या पेरणी यंत्राबद्दल किंवा वाणाबद्दल शंका असेल तर रिसोड तालुक्यात करडा इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं विकायला कोणी बसलेलं नाही, त्यामुळे सल्ला सरळ मिळतो.

पैशाचा हिशोब क्विंटलमध्ये करून बघा, असंही मी आग्रहानं सांगेन. 2025-26 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये ठरला. एकवीस हजारांचा टीव्ही म्हणजे हमीभावानंही चार क्विंटल सोयाबीन. वाईट साली एका एकराचं सगळं पीक. चार क्विंटल देऊनही टीव्ही हवासा वाटला तर खुशाल घ्या, आणि घरी आल्यावर त्याचं प्लॅस्टिक काढून टाका. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं जपणारी घरं मला माहीत आहेत. ते कव्हर हवेच्या झरोक्यांवर राहिलं की आत उष्णता कोंडते आणि वस्तू लवकर जाते.

हप्त्यावर घेण्याचा मोह मोठा असतो. पण नोकरदाराचा पगार महिन्याचा असतो, तसा त्याचा हप्ताही महिन्याचा. आपलं उत्पन्न सोयाबीनला एकदा आणि तूर-हरभऱ्याला एकदा. जून-जुलैत, बी-खताला पैसे लागतात नेमके तेव्हा, टीव्हीचा हप्ता दारात उभा राहतो. ‘शून्य टक्के व्याज’ हा शब्दही तपासा. असं काही नसतं, व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. दुकानदाराला दोन किमती विचारा, रोख दिले तर किती आणि हप्त्यानं एकूण किती. फरक तिथल्या तिथं कळेल. मोबाइलवर ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर बंद’ असं लुकलुकत असेल तर फोन ठेवून चहा घ्या. खोटी घाई लावणं हा ग्राहकाला फसवण्याचा प्रकार आहे, असं केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे.

दुरुस्तीचा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा. बिघडलं तर माणूस वाशीमला, कारंज्याला मिळतो का, की अकोल्याला न्यावं लागेल? अकोला वाशीमपासून ऐंशीएक किलोमीटर. फ्रीज टेम्पोत घालून तिकडं न्यायचा तर स्वस्तात घेतल्याचा आनंद टेम्पोवालाच घेऊन जातो. म्हणूनच वाशीमच्या पाटणी चौकातला ओळखीचा दुकानदार चारशे रुपये जास्त सांगत असेल आणि बिघाड झाल्यावर स्वतः माणूस पाठवत असेल, तर मी त्याच्याकडून घेईन. आपल्या गावातलं दुकान टिकणं हेही आपल्या हिताचं आहे.

बिल मात्र पक्कं घ्या. अलीकडचं यंत्रातून निघणारं गुळगुळीत बिल वर्षभरात पांढरं फटक पडतं, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का हवा. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना व्हिडिओ घ्या. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, आणि कमी करून मागायला कोणाची ना नाही.

तरी फसवणूक झालीच तर? बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ग्राहकाला स्वतःचा वेगळा कायदा नव्हता. तो 24 डिसेंबर 1986 ला आला, आणि 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. या नव्या कायद्यात आपल्यासारख्यांसाठी फार मोलाची गोष्ट आहे. तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्या आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तिला वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढं उत्तर द्यावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोला, पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात.

तर बायाबापड्यांनो, भावांनो, या हंगामात खरेदीला निघाल तेव्हा मोटारसायकलवर एकटे जाऊ नका. मशीन घ्यायचं असेल तर मायला न्या, पंखा घ्यायचा असेल तर आबांना न्या, पंप घ्यायचा असेल तर गड्याला न्या. आणि 1915 ग्राहकासाठी, 1930 ऑनलाइन चोरीसाठी, हे दोन नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरात लिहून ठेवा.